मोडलेला कोपरा

९ नोव्हेंबर १९९६
सुपीरियर सरोवर, बोटीवर

डॅडी,

फोन केला की माझा आवाज ऐकून तुम्ही ठेवून देता, म्हणून कागदावर बोलतोय. कागद फाडता येतो हे खरं, पण त्याआधी तुम्ही दोन ओळी वाचणारच. सोड्याच्या बाटलीवरचं लेबल पुरतं वाचल्याशिवाय बाटली न उघडणारा माणूस तुम्ही.

मी कुठे आहे ते ओडेसा आत्याने सांगितलंच असेल. तिच्या पोटात कुठलीही गोष्ट रविवारच्या प्रार्थनेपर्यंत टिकत नाही. मी खनिजाच्या बोटीवर आहे. वर मिनेसोटाच्या धक्क्यावर लोखंडाच्या गोळ्या भरायच्या, खाली क्लीव्हलंडला नाहीतर गॅरीला ओतायच्या, परत वर. डेकवरचा सगळ्यात खालचा माणूस मी. दोर ओढायचे, झाकणं आवळायची, झाडायचं, रंग खरवडायचा. छपरांचं काम सोडलं, गोदाम सोडलं, गाड्या धुणं सोडलं, तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, "तुझ्या बुडाला चाकं लावलीत देवाने." आता चाकं असून उपयोग नाही. चहूकडे पाणी आहे.

आणि काय पाणी, डॅडी! आपण एरीच्या काठावर मासे धरायला जायचो तेव्हा मला वाटायचं सरोवर म्हणजे हेच, हिरवट, थोडा वास मारणारं. इथे पहिल्या सकाळी मी डेकवर आलो आणि हातातला झाडू तसाच राहिला. काठ नाही. कुठेच नाही. पाणी काळं, आणि त्याच्यावरून वाफ उठत होती, जणू खाली कुणीतरी चूल पेटवलीय. मुकादम ओरडला, "काय रे, पाणी कधी बघितलं नाहीस?" मी म्हणालो, "नाही." खरंच सांगतो, नव्हतं बघितलं.

बोटीवर सगळ्यांचा एक खेळ चालतो, हा नवा पोरगा नक्की कोण. माझ्याबरोबर दोर धरणारा नासेर डिअरबॉर्नचा, मूळ येमेनचा. त्याने पहिल्याच दिवशी मला आपल्यातला समजून 'सलाम आलेकुम' केला आणि मी उत्तर दिलं नाही म्हणून दोन दिवस रुसला. दुसरा म्हणाला पोर्टो रिकन. तिसऱ्याने विचारलं, "कुठला तू?" मी म्हणालो टोलेडो. "अरे, ते गाव झालं. माणूस कुठला?"

मग आचाऱ्याने माझं नाव ऐकलं. स्टॅश म्हणतात त्याला. म्हातारा, पोलिश, पोट पिंपासारखं, गळ्यात क्रूस. भांडी आपटायची थांबवून म्हणाला, "कॅझिमिर? हे असलं सावळं तोंड आणि आमचं नाव कॅझिमिर? तुझा बाप कुणाशी पैज हरला होता का?"

मी म्हणालो, "माझी आई व्रोबेल. लग्रेंज स्ट्रीटची."

त्याने माझ्या ताटात दुसरा मांसाचा तुकडा टाकला आणि म्हणाला, "बस. व्रोबेल बाईचा मुलगा इतका वाळका असून चालत नाही."

हे सांगू नये असं ठरवलं होतं. तिच्या माणसांचं नाव काढलं की काय होतं ते मला माहीत आहे. त्याच नावावरून तर मी दार आपटून गेलो. पण ते झालं ते झालं, आज भांडायला बसलो नाही.

हे पत्र उद्या डेट्रॉइटला जाईल. तिथे बोट थांबत नाही. नदीत एक छोटी टपालाची होडी येऊन आमच्या कुशीला चिकटते, आम्ही दोराने बादली खाली सोडतो, ते त्यातलं टपाल काढून घेतात आणि आमचं त्यात टाकतात. एवढा मोठा लोखंडाचा डोंगर चालता चालता एक बादली सोडतो आणि त्यातून कुणाच्या तरी बायकोचं पत्र वर येतं. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी टाळ्या वाजवल्या. सगळे हसले.

तुम्ही उत्तर टाकलंत तर ते बादलीतून येईल, एवढंच सांगायचं होतं.

कॅझ


२९ नोव्हेंबर
मिशिगन सरोवर

डॅडी,

काल थँक्सगिव्हिंग. स्टॅशने टर्की केली, चांगली केली, पण मॅकरोनीवर वरून बिस्किटांचा चुरा घातला. तुम्ही असता तर उठून गेला असता. शेवटी गोडाला रताळ्याची 'पाय' नव्हतीच. भोपळ्याची होती. मी नासेरला म्हणालो, आमच्याकडे भोपळ्याची पाय म्हणजे ज्याला रताळं मिळालं नाही त्याचं दुखणं. तो म्हणाला, "आमच्याकडे दोन्ही दुखणीच."

परवा वादळ झालं. खाली बोटीच्या पोटात, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, एक लांब बोगदा आहे. लाटा डेकवरून जायला लागल्या की त्यातूनच ये-जा करायची. मी मागच्या टोकाला उभा होतो आणि पुढच्या टोकाचा दिवा दिसत होता. तो दिवा खाली गेला. मग वर आला. मग बाजूला सरकला. मी म्हटलं दिवा का हलतोय? नासेर म्हणाला, "दिवा नाही, बोट वाकतेय. ती वाकायलाच केलीय. ताठ राहिली असती तर मोडली असती." पोलाद, डॅडी! वेताच्या छडीसारखं! मला भीती वाटायला हवी होती. मी तोंड उघडं टाकून बघत राहिलो.

तेव्हा का कोण जाणे, तुम्ही आणि ममा आठवलात. तुम्ही ती गोष्ट सांगायचात, काचेच्या कारखान्यात पेट्या भरायच्या ओळीवर ती तुमच्या समोर उभी असायची आणि मुद्दाम तुमची पेटी आधी बंद करायची. मग हॉटेलात पहिल्यांदा जेवायला गेलात तेव्हा वाढणारीने एकाच टेबलावर दोन बिलं आणून ठेवली. एक तुमच्यापुढे, एक तिच्यापुढे. काळा माणूस आणि गोरी बाई एकत्र असतील असं तिच्या डोक्यातच येईना. आणि ममा म्हणाली, "एकच आणा. तोच भरणार आहे, मी फक्त खायला आलेय." ही गोष्ट सांगताना तुम्ही इतके हसायचात की डोळे पुसायला लागायचे. आणि मग दरवेळी तेच, हसू थांबलं की, "आणि तिच्या माणसांनी तिला मातीत जातानाही बघितलं नाही."

ममाला पुरलं तेव्हा मी सहा वर्षांचा होतो पण ते बाकडं मला आठवतं. आपल्या चर्चमध्ये पुढचं डावीकडचं. पांढऱ्या हातमोज्यांची मिस अर्लीन त्याच्या कडेला उभी राहून लोकांना मागे पाठवत होती. "हे तिच्या माहेरचं आहे." माणसं भिंतीला टेकून उभी होती आणि ते बाकडं शेवटपर्यंत रिकामं राहिलं.

हे मी विसरलोय असं तुम्हाला वाटतं. मी लग्रेंजला ममाच्या माहेरी जायचं नाव काढलं म्हणून. "जा त्यांच्याकडे, मग इकडे येऊ नकोस," म्हणालात. मी गेलो होतो, डॅडी. त्याच दिवशी. घर बघितलं, पांढरं, पायऱ्यांना निळा रंग. समोरच्या फुटपाथवर उभा राहिलो. एक बाई पडदा सरकवायला खिडकीशी आली आणि मी पळालो. एवढा उंच माणूस, पडद्याला घाबरून पळाला. मला ममाच्या आईकडून काही नको होतं. ती माझ्याकडे बघते तेव्हा तिला कोण दिसतं, तेवढंच बघायचं होतं. आपल्या डॉर स्ट्रीटला पोरं मला 'पोलंड' म्हणून हाक मारायची, गोऱ्यांच्या बाजूला मी दुकानात शिरलो की दुकानदार नजर ठेवायला काउंटरच्या बाहेर यायचा. दोन्हीकडे लोकांना लगेच काहीतरी दिसतं. मलाच दिसत नाही.

हात गारठलेत. थांबतो.

कॅझ


२५ डिसेंबर
व्हाइटफिश बे, नांगर टाकून

डॅडी,

हे पत्र पूर्ण वाचा. बाकीची दोन नाही वाचली तरी चालतील.

वारा फार म्हणून आम्ही कालपासून इथे उभे आहोत. आजूबाजूला आणखी चार-पाच बोटी, सगळ्यांचे दिवे लागलेले, मध्ये बर्फ पडतोय. काल संध्याकाळी जेवायच्या आधी स्टॅशने सगळ्यांना उभं केलं. सदरा धुतलेला घालून आला होता. त्याच्या बहिणीकडून एक पाकीट आलं होतं, ते त्याने उघडलं. आतून एक पांढरी वडी काढली. वडी नाही, पापडापेक्षा पातळ, कागदासारखी, वर गोठ्यातल्या बाळ येशूचं चित्र उमटवलेलं. आणि एक कोपरा मोडलेला.

मला हसू आलं. मी म्हणालो, "तुमच्याकडेही मोडकीच आली का? आमच्याकडेही दरवर्षी मोडकीच यायची."

स्टॅशने विचारलं, "तुमच्याकडे? कुणाकडून?"

मी म्हणालो, "माहीत नाही. पाकिटावर माझं नाव असायचं. आत चिठ्ठी नाही, काही नाही, एवढंच. डॅडींना माहीत होतं तिच्या माहेरून येतं ते. ते म्हणायचे, बघ, तुझ्या आईच्या माणसांची भेट. चांगली स्वतः ठेवली, फुटकी काळ्याच्या पोराला पाठवली. मग कचऱ्यात."

स्टॅश खाली बसला. वडी टेबलावर ठेवली. मग म्हणाला, "गाढवांनो. दोघंही गाढव. तू आणि तुझा बाप."

"का?"

"अरे, ती पोस्टात मोडत नाही! ती मोडून पाठवतात!"

मग त्याने सांगितलं. नाताळच्या आदल्या संध्याकाळी पोलिश घरात जेवण सुरू व्हायच्या आधी ही वडी हातात घेतात. प्रत्येक जण दुसऱ्याच्या वडीचा तुकडा मोडतो, खातो, आणि त्याला चांगलं चिंततो. ज्याच्याशी भांडण आहे त्याच्याशीसुद्धा. भांडण ठेवून त्या टेबलावर बसायचं नसतं. आणि जो माणूस लांब आहे, त्याच्या वडीचा एक कोपरा घरची माणसं आधी मोडून खातात, आणि उरलेली त्याला पाठवतात. म्हणजे त्याने ती खाल्ली की एकाच पानावर जेवल्यासारखं झालं. "शाबूत वडी पाठवली असती," स्टॅश म्हणाला, "तर त्यात काही नव्हतं. ती दुकानात मिळते. मोडलेल्या कोपऱ्यात सगळं असतं."

मी विचारलं, "कोण मोडत असेल?"

"तुझी बुशा, दुसरं कोण?" बुशा म्हणजे आजी. टोलेडोत पोलिश पोरं तसंच म्हणतात, तुम्ही ऐकलं असेल.

डॅडी, तो कोपरा नेहमी एकच असायचा. वरचा उजवा. लहानपणी मला वाटायचं पोस्टमन त्याच बाजूने पाकीट धरतो. ममा गेली त्याच वर्षीपासून, दर नाताळला, एक म्हातारी बाई आपल्यापासून बसने दहा मिनिटांवर, टेबलावर बसून माझा कोपरा मोडत होती आणि खात होती. आणि उरलेली पाठवून वाट बघत होती. आणि आपण ती कॉफीच्या चोथ्यावर टाकत होतो.

तुम्हाला दोष देत नाही. ममाने सांगितलं असतं, पण ती होती तेव्हा तिकडून काहीच येत नव्हतं, आणि तिनेही तिकडचं काही घरात येऊ दिलं नाही. वडी यायला लागली तेव्हा सांगायला ती नव्हती. तुम्हाला कुठून कळणार? तुमच्या आजीच्या घरी कुणी तुटकी गोष्ट पाठवली तर तो अपमानच. चुलीपाशी आलेल्या भिकाऱ्यालासुद्धा ती अख्खी पोळी द्यायची, असं तुम्हीच सांगायचात.

पण एक सांगतो. मी नऊ वर्षांचा असताना एकदा तुम्ही टाकलेली मी कचऱ्यातून काढली. तुम्ही पोर्चवर होतात. तिला चव नव्हती. जिभेला चिकटली, आणि बाळाचं डोकं टाळूला लागलं, म्हणून लक्षात आहे. तुम्हाला कधी सांगितलं नाही, मार मिळाला असता.

म्हणजे त्या वर्षी मी तिच्याबरोबर जेवलो. तिला माहीत नाही. मला माहीत नव्हतं. काल रात्री मी डेकवर गेलो आणि त्या सगळ्या दिव्यांकडे बघत उभा राहिलो, आणि एवढंच डोक्यात घोळत होतं. मी जेवलोय तिच्याबरोबर.

या वर्षीची आली असेल. नाताळच्या आठवडाभर आधी यायची ती. तुम्ही टाकली असेल. तसं असेल तर राहू द्या, काही लिहू नका. पण टाकली नसेल, तर डॅडी, टाकू नका.

टपालाची होडी आता वर्षाअखेर बंद होतेय. हे पत्र शेवटच्या बादलीत. यापुढचं टपाल क्लीव्हलंडच्या धक्क्यावर येईल.

कॅझ


७ जानेवारी १९९७
क्लीव्हलंडचा धक्का

डॅडी,

तुमचं पाकीट मिळालं. धक्क्याच्या फाटकावरच्या माणसाने हाक मारली, "टिब्स! तुझ्या वकिलाचं पत्र आलंय!" कारण तुम्ही पाकिटावर तुमचं पूर्ण नाव, मधल्या नावासकट, छापील अक्षरांत लिहिलंय. आणि आत वडीचं पाकीट, शिवाय चर्चच्या रविवारच्या पत्रकामागे दोन ओळी. "तुझं टपाल मी टाकत नाही. फ्रिजवर ठेवतो. लव्हेल यूजीन टिब्स."

मी ते फाटकाशी उभं राहून किती वेळा वाचलं ते सांगत नाही. मी घरी असतो तर त्या पाकिटाचं काय झालं असतं ते आपल्या दोघांना माहीत आहे. मी नव्हतो म्हणून तुम्ही माझं प्रत्येक पाकीट ठेवलंत, वायुदलाच्या भरतीची जाहिरातसुद्धा ठेवली असेल. हे तुम्ही लिहिलेलं नाही. पण फ्रिजवर म्हणजे काय ते मला कळतं. फ्रिजवर ममाचा फोटो असतो.

वडी नीट आली. पण डॅडी, कोपरा बघितलात का? दरवर्षी तो सरळ मोडलेला असायचा, दुमडून मोडल्यासारखा. या वेळी अर्धं चित्र फाटलंय. मेंढराला पाय नाहीत. मी स्टॅशला दाखवलं. त्याने चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाला, "हात थरथरतात तिचे. किंवा दिसत नाही. वय काय असेल?" मी म्हणालो ऐंशीच्या पुढे. तो म्हणाला, "मग पुढच्या नाताळपर्यंत थांबून विचार करत बसू नकोस."

मी ती खाल्ली नाही अजून. इथे एकट्याने खायची नाही असं ठरवलंय.

पुढच्या आठवड्यात वरच्या सरोवरात चढवणारे कालव्याचे दरवाजे बंद होतात आणि आमची बोट हिवाळाभर उभी राहायला टोलेडोलाच येते. सतरा तारखेला. अठराला, शनिवारी, मी लग्रेंज स्ट्रीटला जाणार आहे. एकट्याने गेलो तर पुन्हा पडद्याला घाबरून पळेन. तुम्ही आलात तर पळता येणार नाही, कारण तुम्ही बघत असाल.

तुम्ही तिच्याशी बोलू नका. माफ करू नका. मला तसलं काही मागायचा हक्क नाही, रिकामं बाकडं तुम्ही बघितलंत, मी नुसता तुमचा हात धरून बसलो होतो. पण ममाची आई आहे ती. आणि हात थरथरतात तिचे.

तुम्ही आला नाहीत तर मी समजेन. एवढंच लिहितो की टोलेडोच्या धक्क्याच्या फाटकाबाहेर दुपारी बाराला उभा असेन.

कॅझिमिर लव्हेल टिब्स
(मीही पूर्ण लिहिलं.)


१८ जानेवारी, शनिवार
लग्रेंज स्ट्रीट, टोलेडो

डॅडी,

तुम्ही समोरच आहात. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून तुम्हाला बघतोय, रस्त्याच्या पलीकडे, गाडीत, रेडिओ ऐकतोय असं दाखवत. तो रेडिओ मी सातवीत होतो तेव्हापासून बंद आहे. तुम्ही फाटकाशी आलात, मला गाडीत घेतलंत, अख्ख्या वाटेत फक्त "दार नीट लाव" एवढं म्हणालात, आणि इथे आणून म्हणालात, "जा. मी इथेच आहे." त्याबद्दल मी काय लिहू. तोंडाने बोललो की आपलं भांडण होतं, म्हणून जवळ असूनही लिहितोय. शिवाय ममाची आई म्हणतेय, "लिही त्याला." ती समोर बसलीय.

आधी मी सांगतो, मग तिचं.

मी बेल वाजवली. दार उघडायला फार वेळ लागला. इतकी लहान आहे ती, डॅडी! माझ्या कोपराएवढी! डोक्याला रुमाल, डोळे ममाचे. तिने वर बघितलं, आणि मी म्हणायला लागलो की मी कॅझिमिर, हलिनाचा मुलगा, तर तिने हाताने गप्प केलं. म्हणाली, "नाव काय सांगतोस? नाव मीच पाकिटावर लिहिते."

मग म्हणाली, "खाली वाक." मी वाकलो. तिने माझे दोन्ही कान धरले. "हे कान माझ्या नवऱ्याचे. तू बाराएक वर्षांचा असताना चेरी स्ट्रीटच्या बसमध्ये माझ्या पुढच्या सीटवर बसला होतास. मी आठ स्टॉप हे कान बघत बसले. माझ्या स्टॉपवर उतरलेच नाही. तो कडू म्हातारा आयुष्यभर ज्याचं नाव घेऊ देत नव्हता, त्याच्याच डोक्यावर देवाने त्याचे कान लावून ठेवले! मी बसमध्ये इतकी हसले की ड्रायव्हरने वळून बघितलं."

मी तिला विचारलं, तुला कोण दिसलं? हेच विचारायला मी आलो होतो, डॅडी, आणि ते असं कान धरलेल्या अवस्थेत विचारावं लागलं. ती म्हणाली, "कोण म्हणजे? उशिरा आलेला पोरगा दिसला. पाय पुस."

बस. एवढ्यासाठी मी अख्खं सुपीरियर पालथं घातलं.

वडी मी बरोबर आणली होती. तिने ती बघितली आणि टेबलावर मध्ये ठेवली. मग आम्ही खाल्ली, नाताळ उलटून गेला तरी. तिने काय चिंतलं ते पोलिशमध्ये होतं, मला कळलं नाही. मी काय चिंतलं ते सांगत नाही. मग मी तिला सांगितलं, इतकी वर्षं तुम्ही ती का टाकत होतात. मला वाटलं ती रडेल. ती कपाळावर हात मारून म्हणाली, "येशू मारिया! मी त्याला फुटकी भेट पाठवत होते! दरवर्षी! आणि तरी तो माणूस एकदा येऊन माझ्या काचा फोडून गेला नाही?"

आता तिचं. ती सांगतेय तसं लिहितो.

"लिही. श्रीयुत टिब्स. नको, खोड ते. लव्हेल. लिही की मी माझ्या मुलीला पुरायला आले नाही. माझा नवरा म्हणाला, गेलीस तर परत येऊ नकोस, आणि मी घाबरले. पण नवऱ्याचं नाव पुढे करत नाही. दाराला कुलूप नव्हतं. पाय माझेच होते. लिहिलंस?"

लिहिलं, म्हणालो.

"लिही की बाकड्याचं मला माहीत आहे. माझ्या शेजारणीची मुलगी त्याच्या चर्चच्या स्वयंपाकघरात मदतीला होती, तिने सांगितलं. कुणी बसलं नाही म्हणाली. मी त्या दिवसापासून माझ्या चर्चमध्ये पुढे बसत नाही. मागे उभी राहते. गुडघे दुखतात तरी."

मी विचारलं, चिठ्ठी का नाही लिहिलीस वडीबरोबर? ती म्हणाली, "चिठ्ठी पाठवली की उत्तर मागितल्यासारखं होतं. उत्तर मागायला मी कोण? वडी खायची असेल तर माणूस खातो, नाहीतर नाही. हेही लिही."

हेही लिहिलं.

मग ती म्हणाली, "आत का येत नाही तो? कॉफी गार होतेय."

मी म्हणालो, "बुशा, तो यायचा नाही. इथवर आला हेच खूप. मी पत्र नेऊन देतो."

ती म्हणाली, "पत्र! तुम्हा लोकांना पत्रांचं फार वेड." आणि उठली. मला वाटलं साखर आणायला. पण तिने खुंटीवरचा कोट काढला, डॅडी, एकच बाही घातली, दुसरी लोंबतेय, पायात घरातल्या कापडी चपला, आणि काठी न घेता दार उघडलं. मी म्हणालो थांब, धरतो. म्हणाली, "मला धरायचं नाही. तू बस आणि खिडकीतून बघ. सोळा वर्षं उशीर झालाय, त्यात मला कुणी धरून नेलं असं नको व्हायला." मी ऐकलं. माझ्या हातात पेन तसंच आहे.

ती पायऱ्या उतरली. कठडा धरून, एकेक. आता फुटपाथवर आहे. बर्फ आहे, घसरतंय, ती थांबली, पुन्हा चालतेय. रस्त्यात उतरली. डॅडी, तुम्ही तिला बघितलंय. तुम्ही पुढेच बघताय पण मला माहीत आहे, बघितलंय.

तुमच्या गाडीचं दार उघडलं.

तुम्ही टोपीसुद्धा न घालता रस्त्याच्या मध्यावर आलात आणि तुमचा आवाज बंद खिडकीतून मला इथे ऐकू येतोय. "बाई, डोकं ठिकाणावर आहे का तुमचं? चपला घालून बर्फात! पडलात म्हणजे?" आणि ती तुमच्या छातीएवढी, मान वर करून, तुमच्याहून मोठ्याने, "तू आत येत नाहीस, मग मी काय करू? गाडीत कॉफी आणून देऊ तुला?" तुम्ही तिची रिकामी बाही पकडून तिचा हात आत घालताय, ती हात काढून घेतेय आणि तुमच्याच कोटाची वरची बटणं लावतेय, दोघंही ओरडताय, आणि दोघंही रस्त्यातून हलत नाही.

मागे एक गाडी येऊन थांबलीय. तिने हॉर्न दिला.

तुम्ही दोघांनी एकदम वळून त्या गाडीकडे बघितलंत, अगदी एकाच नजरेने, जणू दोन पिढ्या एकाच घरात काढल्यात. तो बिचारा ड्रायव्हर गाडी मागे मागे घेतोय.